बाहेरचा कॉल कानात घुसतो, आतला ऐकूच येत नाही: ऑफिसच्या आयपी फोनचा आवाज नेमका कुठे कमी करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधल्या एका पॅकेजिंग कंपनीच्या ऑफिसात २२ आयपी फोन, अ‍ॅस्टरिस्क या सॉफ्टवेअरवर चालणारा पीबीएक्स म्हणजे ऑफिसचं स्वतःचं एक्स्चेंज, एक एसआयपी ट्रंक म्हणजे नेटवर्कवरून येणारी बाहेरची लाइन, आणि जुन्या दोन लँडलाइन एफएक्सओ गेटवेतून, म्हणजे लँडलाइनचा आवाज नेटवर्कवर आणणाऱ्या डब्यातून, जोडलेल्या. लँडलाइन तांब्याच्या तारेवरून फायबरवर गेल्यापासून बाहेरचे कॉल इतके जोरात येतात की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागतो. फोनचा व्हॉल्यूम कमी केला तर ऑफिसातल्या ऑफिसात बोललेलं ऐकू येत नाही. समोरचे म्हणतात आमचाच आवाज आम्हाला परत येतोय. होल्डचं म्युझिक दणदणतं. आणि व्हेंडर म्हणतोय सगळे फोन बदला.

फोन बदलू नका, निदान आत्ता तरी. तुम्ही जे लिहिलंय त्यातच अर्धं उत्तर आहे. आतले कॉल व्यवस्थित आणि बाहेरचे मोठे, म्हणजे फोन ठीक आहे, कारण तोच फोन, तोच रिसीव्हर आतल्या कॉलला बरोबर वाजतोय. २२ फोन नवे आणले तरी बाहेरून येणारा आवाज तेवढाच मोठा येणार आणि पैसे गेले ते गेले. मी आधी ईपीएबीएक्स आणि नंतर आयपी अशी दोन्ही कामं बरीच वर्षं केलीयेत आणि या तक्रारीत सगळ्यात जास्त घोळ कशाने होतो तर प्रत्येक जण जिथे हात पोचतो तिथे आवाज फिरवतो, कोणी फोनवर, कोणी पीबीएक्सवर, कोणी गेटवेवर, आणि सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही की कुठे काय केलंय. म्हणून माझं म्हणणं एकच, आवाज जिथे वाढलाय तिथेच तो उतरवायचा आणि बाकी सगळीकडे गेन, म्हणजे आवाज वाढवायचा-कमी करायचा आकडा, शून्यावर ठेवायचा.

सुरुवात कागदावर करा. तीन फोन निवडा, एक रिसेप्शनचा, एक अकाउंट्सचा, एक कोणाचाही. तिघांचा रिसीव्हरचा व्हॉल्यूम सारख्याच पायरीवर आणा, मधोमध. मग प्रत्येकावरून चार कॉल करून बघा: दुसऱ्या एक्स्टेंशनला, एसआयपी ट्रंकवरून एखाद्या मोबाइलला, लँडलाइनवरून त्याच मोबाइलला, आणि चौथा पीबीएक्समधला रेकॉर्डेड आवाज, म्हणजे आयव्हीआर (एक दाबा, दोन दाबा सांगणारा) किंवा व्हॉइसमेलची सूचना. मोबाइल तोच, बोलणारा माणूस तोच, बोलायचं वाक्यही तेच ठेवा. मोठा, बरा, हळू एवढंच लिहा. बारा नोंदी होतील आणि त्या बघूनच कळेल. फक्त लँडलाइनच्या रकान्यात मोठा असेल तर गेटवे. दोन्ही बाहेरच्या रकान्यांत मोठा असेल तर पीबीएक्समध्ये ट्रंककडून येणाऱ्या आवाजाला कोणीतरी गेन दिलाय. एकाच फोनच्या ओळीत सगळंच मोठं असेल तर तो फोन. आणि एकाच माणसाचा कॉल सगळ्यांना मोठा येत असेल तर त्या माणसाच्या हेडसेटची गोष्ट आहे, तुमच्याकडे काही हलवू नका.

व्हॉल्यूमच्या बटणाबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो कारण निम्मे लोक इथे फसतात. बहुतेक आयपी फोनवर, यीलिंक असो की ग्रँडस्ट्रीम, फोन नुसता ठेवलेला असताना ते बटण दाबलं तर रिंगचा आवाज बदलतो. रिसीव्हरचा आवाज बदलायचा असेल तर रिसीव्हर उचलून दाबायचं, स्पीकरचा बदलायचा असेल तर स्पीकरवर बोलताना, हेडसेटचा तसाच वेगळा. चारही आकडे फोन वेगवेगळे लक्षात ठेवतो. म्हणजे "मी आवाज कमी केला तरी फरक पडला नाही" असं कोणी म्हणालं तर आधी विचारा, कॉल चालू असताना केला का. पॉलीकॉमच्या फोनवर उलटी तक्रार येते, कमी-जास्त केलेला आवाज पुढच्या कॉलला पहिल्यासारखा होतो. तो बिघाड नाही, अमेरिकेत फार वाढवलेला आवाज रिसीव्हर ठेवल्यावर आपोआप मूळ जागी आला पाहिजे असा नियम आहे आणि त्या हिशोबाने तसं ठेवलेलं असतं, कॉन्फिगरेशनमध्ये व्हॉल्यूम पर्सिस्टचं सेटिंग चालू केलं की राहतो.

दुसरं, "मोठा" म्हणजे नक्की काय ते माणसाला बोलतं करा. एक मोठा असा असतो की आवाज स्वच्छ आहे पण जोरात आहे. दुसरा असा की आवाज फाटतोय, जोरात उच्चारलेल्या अक्षरांवर चरचरतो. तिसरा, ज्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, तो म्हणजे स्वतःचाच आवाज स्वतःच्या कानात मोठा येणं, ज्याला साइडटोन म्हणतात. तो ओळखायला सोपा आहे, रिसीव्हर उचला, एखादा आकडा दाबून डायल टोन बंद करा आणि माउथपीसवर हळू फुंका, कानात वारा सुटल्यासारखा आवाज आला तर साइडटोन जास्त आहे, आणि याचा लाइनशी काहीही संबंध नाही, तो फोनच्या आत तयार होतो. साइडटोन मोठा असला की माणूस नकळत हळू बोलायला लागतो आणि समोरचा म्हणतो ऐकू येत नाही, मग कोणीतरी माइकचा गेन वाढवतो आणि साइडटोन आणखी मोठा होतो. हे चक्र मी बऱ्याच ऑफिसांत बघितलंय.

आता तुमच्या लँडलाइनकडे येतो कारण मला जवळपास खात्री आहे की मूळ तिथेच आहे. जुनी तांब्याची लाइन एक्स्चेंजपासून काही किलोमीटर यायची. टेलिफोनच्या बारीक तारेत किलोमीटरमागे साधारण एक ते दोन डेसिबल आवाज गळतो, म्हणजे तीन-चार किलोमीटरला पाच-सहा डेसिबल सहज. गेटवे बसवणाऱ्याने तेव्हा आवाज बारीक येतोय बघून लाइनकडून आत येणारा गेन अधिक सहा वगैरे केला असणार आणि त्या वेळी ते बरोबरच होतं. आता फायबर आल्यावर ओएनटीच्या, म्हणजे फायबर येऊन लागते त्या डब्याच्या, फोनच्या पोर्टमधून निघालेली तार हातभर जाऊन गेटवेत शिरते. वाटेत गळायला काही उरलंच नाही, पण गेटवेतला अधिक सहा तसाच आहे. सहा डेसिबल म्हणजे सिग्नल दुप्पट. शिवाय ओएनटीचा पोर्टसुद्धा स्वतःचा एक लेव्हल ठेवून असतो आणि त्याचं लॉगिन सहसा कंपनी देत नाही, म्हणून ते जे येतंय ते गृहीत धरून आपल्या गेटवेवरच हिशोब बसवायचा.

गेटवेच्या वेब पानावर एफएक्सओ पोर्टच्या सेटिंगमध्ये दोन गेन असतात. नावं प्रत्येक कंपनीची वेगळी, कुठे आरएक्स (येणारा) आणि टीएक्स (जाणारा), कुठे पीएसटीएन (म्हणजे लँडलाइन) टू आयपी आणि आयपी टू पीएसटीएन, सिस्कोच्या जुन्या एसपीए ३१०२ वर एसपीए टू पीएसटीएन आणि पीएसटीएन टू एसपीए. आरएक्स म्हणजे कोणाच्या बाजूने आरएक्स यावर भरवसा ठेवू नका, काही मशीन लाइनच्या बाजूने मोजतात तर काही नेटवर्कच्या. एकच आकडा बदला, सहा डेसिबलने खाली आणा, सेव्ह करा, गेटवे रीस्टार्ट करा आणि नवा कॉल करून ऐका. कान हलका झाला तर तोच गेन. कानाला फरक नाही पण समोरचा म्हणाला तुमचा आवाज बारीक झाला, तर तो दुसरा आहे, परत जागेवर ठेवा. चालू कॉलवर बदल सहसा लागत नाही, म्हणून जुना कॉल तसाच धरून "काही झालं नाही" म्हणू नका.

किती कमी करायचं? एक डेसिबल कानाला जेमतेम कळतो. तीनच्या पायरीने उतरा. कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, त्यामुळे सहा कमी केल्यावर "थोडासाच कमी झाला" असं लोक म्हणतील, ते खरं आहे आणि बरेचदा तेवढंच हवं असतं. लँडलाइनचा आणि एसआयपी ट्रंकचा कॉल एकापाठोपाठ एक ऐकून दोन्ही सारखे वाटले की थांबा. ट्रंकचा लेव्हल शक्यतो प्रमाण धरा, कारण तिथे आवाज डिजिटलच येतो आणि वाटेत सहसा कोणी हात लावत नाही.

गेटवेऐवजी सर्व्हरमध्येच अ‍ॅनालॉग कार्ड असतं तर हे सगळं डाहडीच्या, म्हणजे त्या कार्डाच्या ड्रायव्हरच्या, चॅनेल फाइलमध्ये आरएक्सगेन आणि टीएक्सगेन या दोन ओळींत असतं, आणि तिथे नुसतं रीलोड पुरत नाही, डाहडीचे चॅनेल पूर्ण रीस्टार्ट करावे लागतात, म्हणजे चालू कॉल तुटतात, हे काम जेवणाच्या सुट्टीत करा. डाहडी मॉनिटर नावाचं टूल टर्मिनलवर दोन पट्ट्या दाखवतं, एक येणाऱ्या आवाजाची एक जाणाऱ्या. समोरचा साधं बोलत असताना येणारी पट्टी सारखी शेवटाला टेकत असेल तर गेन जास्त आहे, वेगळा पुरावा नको. आणि कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये ऑपरमोड नावाचं देशाचं सेटिंग असतं, त्याच्या यादीत इंडिया आहे, पण कोणी भरतच नाही आणि कार्ड अमेरिकेच्या ६०० ओहमवर चालत राहतं. ते भरलं की लाइनशी जुळणी सुधारते आणि इको बराचसा इथेच कमी होतो.

इकोचं निघालंच आहे तर. समोरच्याला स्वतःचा आवाज परत येतोय ही तुमची वेगळी तक्रार नाही, तीच आहे. समोरच्याचा आवाज तुमच्या रिसीव्हरमध्ये इतका जोरात वाजतो की तो हवेतून आणि रिसीव्हरच्या प्लॅस्टिकमधून त्याच रिसीव्हरच्या माइकमध्ये शिरतो आणि परत जातो. आवाज मोठा म्हणून इको. स्पीकरफोनवर तर हे आणखी होतं. इको कॅन्सलर असतो हे खरं, पण त्याचं गणित सिग्नल सरळ आहे असं धरून चालतं, आवाज फाटला की त्याला तो ओळखता येत नाही. म्हणून इको कॅन्सलरची सेटिंग खेळत बसण्याआधी गेन उतरवा, बहुतेक वेळा इको सोबतच जातो.

आता हे नुसतं कानावर न ठेवता डोळ्यांनी बघायचं असेल, आणि व्हेंडरला दाखवायला ते फार उपयोगी पडतं, तर पीबीएक्सवर एका कॉलचं पॅकेट कॅप्चर, म्हणजे नेटवर्कवरून गेलेल्या डेटाची नोंद, घ्या आणि वायरशार्क या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. टेलिफोनी मेनूत आरटीपी (नेटवर्कवरून कॉलचा आवाज ज्यातून जातो ते), त्यात आरटीपी स्ट्रीम्स. दोन दिशांचे दोन स्ट्रीम दिसतील, गेटवेकडून आलेला निवडा आणि ऑडिओ सेव्ह करून ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. साध्या बोलण्याची लाट मधल्या रेषेच्या आसपास असते, टोकं शून्य पॉइंट दोन ते पॉइंट चारपर्यंत जातात, मधे कोणी जोरात हसलं तर थोडं वर. तुमच्या लाइनवर मला वाटतं लाट वर-खाली भिंतीला टेकलेली दिसेल आणि झूम केलं तर टोकं कापून सपाट झालेली, टेबलासारखी. त्याला क्लिपिंग म्हणतात. तसं दिसलं की विषय संपला, आवाज फोनपर्यंत पोचायच्या आधीच खराब झालाय, आणि दूध एकदा करपलं की पाणी घालून वास जात नाही तसं ते पुढे फोनवर व्हॉल्यूम कमी करून दुरुस्त होत नाही, फक्त हळू आवाजात फाटलेला ऐकू येतो. उलट कॅप्चरमधली लाट छान मध्यम आहे आणि तरी कान दुखतोय तर गेटवे, ट्रंक, पीबीएक्स सगळे सुटले, फोन आणि हेडसेट बघायचे. ही एकच तपासणी अर्धी वादावादी मिटवते.

कॅप्चर उघडलंच आहे तर पेलोडचा आकडा पण बघून घ्या, त्यावरून कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत बदलायची पद्धत, कळते. जी.७११ हा कोडेक १९७२ पासूनचा, त्याचे दोन प्रकार, ए-लॉ आणि म्यू-लॉ. भारतात आणि युरोपात ए-लॉ, अमेरिका आणि जपानमध्ये म्यू-लॉ. आरटीपीत म्यू-लॉचा पेलोड ०, ए-लॉचा ८. दोन्ही बाजूंनी सांगून-सवरून एक वापरला तर काहीच बिघडत नाही, पण एका बाजूने ए-लॉ पाठवायचं आणि दुसरीने म्यू-लॉ समजून उघडायचं असं झालं की आवाज मोठा, कर्कश, आणि मुख्य म्हणजे कोणी बोलत नसताना सुद्धा जोरात खरखर. ही खरखर ओळखीची खूण आहे. साध्या एसआयपी फोनमध्ये असं क्वचित होतं, पण पीआरआयचं (एकाच केबलवर बरेच चॅनेल देणाऱ्या डिजिटल लाइनचं) कार्ड किंवा गेटवे बाहेरच्या देशातून आणलेलं असेल आणि त्यात मुळातलं टी१ (अमेरिकेतला प्रकार) आणि म्यू-लॉचं सेटिंग राहिलं असेल तर हमखास. आपल्याकडे पीआरआय ई१ वर येते, ३० बोलायचे चॅनेल, ए-लॉ. तुमच्याकडे पीआरआय नाही म्हणून यात वेळ घालवू नका, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाकडे असेल.

पीबीएक्समध्ये काय शोधायचं? अ‍ॅस्टरिस्कच्या डायलप्लॅनमध्ये, म्हणजे कॉल कसा फिरवायचा ते लिहिलेल्या ओळींत, व्हॉल्यूम नावाचं फंक्शन आहे, चॅनेलला टीएक्स किंवा आरएक्स गेन देतं, आणि तिथला आकडा डेसिबलचा नसतो, पटीचा असतो. दोन लिहिलं म्हणजे दुप्पट, तीन म्हणजे तिप्पट, उणे दोन म्हणजे निम्मं. लोक डेसिबल समजून तीन-चार टाकतात आणि आवाज पार फाटतो. आधीच्या व्हेंडरने कधीतरी "ट्रंकचा आवाज बारीक आहे" म्हणून टाकलेलं असतं आणि ते कस्टम फाइलमध्ये असल्यामुळे वेब पानावर दिसतही नाही. एक्स्टेंशन्स कस्टम फाइल उघडून व्हॉल्यूम हा शब्द शोधा, एजीसी पण शोधा. एजीसी म्हणजे आपोआप आवाज सारखा करणारं, हळू बोलणाऱ्याला वर उचलतं पण त्यासोबत मागचा पंखा, ट्रॅफिक, शेजारच्या टेबलावरचं बोलणं पण उचलतं. ऑफिसच्या फोनसाठी मला ते आवडत नाही, आणि मूळ लेव्हल नीट असेल तर गरजही पडत नाही.

याच ठिकाणी एक गैरसमज. कॉल रेकॉर्डिंग मोठं वाजतंय म्हणजे कॉल मोठा होता असं नाही. रेकॉर्डिंग करणाऱ्या मिक्समॉनिटरला स्वतःचे व्हॉल्यूमचे पर्याय आहेत, उणे चार ते अधिक चार, ते फक्त फाइलवर लागतात. मालकांनी रेकॉर्डिंग ऐकून तक्रार केली तर आधी तो पर्याय बघा.

होल्डचं म्युझिक. इथे कारण सरळ आहे. गाण्याची फाइल बनवताना ती जवळपास शंभर टक्के लेव्हलपर्यंत भरलेली असते, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. माणसाचं बोलणं फोनवर त्याच्या कितीतरी खाली चालतं. मग समोरचा ग्राहक कान लावून तुमचं ऐकत असतो, तुम्ही होल्ड दाबता आणि त्याच्या कानात एकदम बँड वाजतो. हा त्रास तुमच्या ग्राहकाला होतो आणि तो तुम्हाला सांगत नाही, फोन ठेवून देतो, म्हणून हे मी पहिल्याच दिवशी दुरुस्त करायला सांगतो. फाइल सॉक्स या टूलमध्ये किंवा ऑडॅसिटीत घ्या, मोनो करा, ८००० हर्ट्झ, १६ बिट, आणि टोकं उणे बारा डेसिबलवर येतील इतकी खाली आणा. जुन्या पद्धतीने एमपीजी१२३ मधून म्युझिक चालवत असाल तर त्याच्या कमांडमध्ये एफ नावाचा पर्याय असतो, ३२७६८ म्हणजे पूर्ण आवाज, ८१९२ म्हणजे पाव, म्हणजे तेच उणे बारा डेसिबल. आणि ढोल-ताशा, सिनेमातली भरगच्च गाणी लावू नका, एकट्या वाद्याचं काहीतरी घ्या, बासरी, संतूर. ट्रंक जी.७२९ वर असेल तर कोणतंही गाणं वाईटच वाजेल कारण तो कोडेक माणसाच्या बोलण्यासाठी केलेला आहे, तिथे म्युझिकपेक्षा शांत आवाजातली एक सूचना बरी.

फोनची बाजू तुमच्या बाबतीत दुय्यम आहे पण बारा नोंदींत एखादी ओळ वेगळी निघाली तर बघा. पहिली शंका रिसीव्हरवर घ्या. ऑफिसात दोरी तुटली की शेजारच्या बंद पडलेल्या फोनचा रिसीव्हर काढून लावतात, प्लग बसतो म्हणून चालतो, पण दुसऱ्या मॉडेलच्या रिसीव्हरचा स्पीकर आणि माइक वेगळ्या ताकदीचे असू शकतात. दोन फोनचे रिसीव्हर आपसात बदला, मोठा आवाज रिसीव्हरसोबत गेला तर तेच. नंतर सेटिंग. ग्रँडस्ट्रीमच्या बऱ्याच फोनवर हेडसेटचे आरएक्स आणि टीएक्स गेन असतात, उणे सहा, शून्य, अधिक सहा. यीलिंकवर फीचर्सच्या ऑडिओ पानावर हँडसेट, हेडसेट आणि हँड्सफ्री सेंड व्हॉल्यूम, उणे ५० ते ५०, पण लक्षात घ्या हा पाठवायचा आवाज आहे, म्हणजे तुमच्याकडे वाढवला तर त्रास समोरच्याला होतो. आतल्या कॉलला एकाच माणसाचा आवाज सगळ्यांना मोठा वाटत असेल तर त्याच्या फोनवर हे बघा. आणि फोन ऑटो प्रोव्हिजनवर, म्हणजे सर्व्हरवरून आपोआप सेटिंग घेणारे, असतील तर फोनवर हाताने केलेला बदल पुढच्या रीबूटला पुसला जाऊ शकतो, बदल टेम्प्लेटमध्ये करा.

हेडसेट वापरणाऱ्यांकडे मात्र नीट लक्ष द्या. तारेच्या हेडसेटला मधे अ‍ॅडॅप्टरची डबी असेल, उदाहरणार्थ जॅब्राची जीएन१२००, तर तिच्यावर छोटा स्लायडर असतो, आठ जागा, प्रत्येक जागा वेगळ्या फोनसाठी. कोणीतरी दप्तरात टाकून आणताना सरकला की आवाज एकदम मोठा किंवा एकदम बारीक. दुकानात मिळणारे स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर तर मी काढूनच टाकायला सांगतो. लॅपटॉपवर सॉफ्टफोन असेल तर विंडोजच्या साउंड कंट्रोल पॅनलमध्ये रेकॉर्डिंग, तिथे माइकच्या लेव्हल्समध्ये मायक्रोफोन बूस्ट नावाची पट्टी असते, ती अधिक २० किंवा ३० डेसिबलवर असेल तर समोरच्याचे कान जातात. शून्य करा, बूस्टशिवाय ऐकू जात नसेल तर हेडसेट खराब आहे. प्लेबॅकच्या बाजूला लाउडनेस इक्वलायझेशनची खूण काढा. सॉफ्टफोनमध्येही माइक अ‍ॅम्प्लिफिकेशनचा पर्याय सापडेल, मायक्रोसिपमध्ये आहे, तो विंडोजच्या बूस्टवर आणखी चढतो.

कानाचं थोडं गंभीरपणे घ्या, ही फक्त सोयीची गोष्ट नाही. अमेरिकेतल्या नायओश या संस्थेची शिफारस ८५ डीबीए आठ तासांपर्यंत अशी आहे आणि त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, ८८ ला चार तास, ९१ ला दोन. रिसेप्शनवर बसणारी व्यक्ती दिवसभर तेच ऐकते. तुमच्या रिसेप्शनच्या ताई रिसीव्हर कानावर न ठेवता गालफडाजवळ धरून बोलतात असं तुम्ही लिहिलंय, ते मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण तसं धरल्याने माइक तोंडापासून लांब जातो, समोरचा म्हणतो ऐकू येत नाही, त्या ओरडतात, आणि संध्याकाळी घसा आणि डोकं दोन्ही दुखतं. गेटवे दुरुस्त होईपर्यंत त्यांना लँडलाइनचे कॉल देऊच नका, रिंग ग्रुप बदलून स्पीकरवर बोलू शकेल अशा कोणाकडे वळवा. कोणाच्या कानात घरी गेल्यावरही शिट्टीसारखा आवाज राहत असेल तर वाट न बघता कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवायला सांगा. हेडसेट घ्यायचेच असतील तर अचानक येणारा मोठा आवाज अडवणारा लिमिटर आहे असं स्पष्ट लिहिलेलेच घ्या, फॅक्सची शिट्टी एकदा सरळ कानात गेली की माणूस हेडसेटला हात लावत नाही.

याच कारणाने एक सावधगिरी. फोन आपसात जुळवायला अ‍ॅस्टरिस्कमध्ये मिलिवॅट नावाचा टेस्ट टोन असतो, १००४ हर्ट्झ. तो मोजणीसाठी आहे, बोलण्यापेक्षा खूप मोठा असतो, कानाला लावून ऐकू नका आणि कोणाला ऐकवू नका. कानाने तुलना करायची असेल तर व्हॉइसमेलची सूचना पुरते, प्रत्येक फोनवर तीच वाजते. स्वतःचा जाणारा आवाज ऐकायला इको टेस्ट वापरा, फ्रीपीबीएक्सवर (वेब पानावरून चालवायचा अ‍ॅस्टरिस्कचा पीबीएक्स) *४३ डायल केलं की बोललेलं परत ऐकू येतं.

व्हेंडरशी बोलताना फोन बदलायच्या कोटेशनवर चर्चा करू नका. त्याला सांगा की एफएक्सओ पोर्टच्या गेनच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि लँडलाइनवरच्या एका कॉलचं पॅकेट कॅप्चर पाठव. सपाट टोकं दिसली की तो स्वतःच गेन उतरवेल. गेन उतरवल्यावर दुसऱ्या दिशेची पण खात्री करा, लँडलाइनवरून तुमच्याच मोबाइलवर फोन लावा, ऑफिसातल्या कोणाला तरी बोलायला लावा आणि रस्त्यावर उभं राहून ऐका, बंद खोलीत ऐकू नका, ग्राहक तुम्हाला रस्त्यावरूनच फोन करतात. ऐकू जात नसेल तरच जाणारा गेन तीनने वाढवा. मग गेटवेची कॉन्फिगरेशन फाइल उतरवून ठेवा आणि पोर्टचे दोन्ही आकडे, आधीचे आणि आत्ताचे, तारखेसकट चिठ्ठीवर लिहून गेटवेच्या डब्यावरच चिकटवा. या सगळ्यानंतरही एसआयपी ट्रंकचे कॉल मोठे राहिले तर त्या कॉलचं कॅप्चर आणि तुमच्या बारा नोंदींचा फोटो पाठवा, मी बघून सांगतो.